पालेर्मोचे महापौर



आपली नगरपालिका महापालिका होण्याआधीच्या काळातल्या ज्या नगराध्यक्षांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना ओळखणारी, त्यांच्याबरोबर काम केलेली माणसं या सभागृहात बसली आहेत. त्यांच्याविषयी मी बोलण्यापेक्षा तुम्ही बोलावं आणि मी ऐकावं. पण विषय निवडताना त्यांचा विचार मनात होता. गाव चालवण्याची जबाबदारी ज्यानं उचलली, त्याला गावाची घसरण कशी दिसते? गुंडगिरी, टक्केवारी, उजाड होत गेलेल्या पेठा यांचा एकमेकांशी काय संबंध आहे असं त्याला वाटतं? हे प्रश्न घेऊन मी आज तुम्हाला इटलीतल्या सिसिली बेटावर, पालेर्मो शहरात नेणार आहे. लेओलुका ऑर्लांदो हे त्या शहराचे माजी महापौर. 1985 ते 1990, 1993 ते 2000 आणि 2012 ते 2022 अशा तीन कालखंडांत त्यांनी ते पद सांभाळलं. जन्म 1947 चा, पेशानं कायद्याचे प्राध्यापक. दीर्घकाळ महापौर राहिलेली माणसं जगात पुष्कळ आहेत. ऑर्लांदो वेगळे ठरतात ते त्यांच्या एका मांडणीमुळे, आणि ती मांडणी त्यांनी जीव धोक्यात घालून केली.

आपण वर्तमानपत्रात शहराची दुर्दशा एका पानावर वाचतो, खुनाची बातमी दुसऱ्या पानावर आणि पालिकेतला घोटाळा तिसऱ्या पानावर. ऑर्लांदो सांगत आले की या तिन्ही एकाच बातमीच्या ओळी आहेत, आणि तिची पहिली ओळ पालिकेच्या कचेरीत लिहिली जाते. त्यांचं म्हणणं पटायला हवं असेल तर पालेर्मोची 1950 नंतरची गोष्ट नीट पाहावी लागते.

पालेर्मोच्या भोवती डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये लिंबा-संत्र्यांच्या बागांनी भरलेलं एक खोरं होतं. त्याला लोक सोन्याची परडी म्हणत. शहराच्या मध्यभागी अरब आणि नॉर्मन राजवटींपासूनचा जुना गावठाण भाग. दुसऱ्या महायुद्धात, 1943 साली, दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी त्यावर जबर बाँबफेक केली. युद्ध संपलं, पण तिथले ढिगारे उचलले गेले नाहीत. पडक्या वाड्यांच्या भिंतींतून झाडं उगवली आणि ती तशीच वाढू दिली गेली. 1951 मध्ये जुन्या शहरात सुमारे सव्वा लाख माणसं राहत होती. तीस वर्षांनी ती चाळीस हजारांच्या आसपास उरली. उरलेली गेली कुठे? बागा तोडून जे सिमेंटचे उंच ठोकळे उभे राहिले, त्यांत. जुनं शहर दुरुस्त करण्यात कोणाचाही फायदा नव्हता. नवी जमीन बांधकामाला मोकळी करण्यात मात्र अफाट पैसा होता.

1958 मध्ये साल्वो लिमा महापौर झाले आणि पुढच्या वर्षी वितो चांचिमिनो हे सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख झाले. दोघेही ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे. चांचिमिनो कोर्लेओने गावच्या न्हाव्याचे चिरंजीव. या जोडीच्या चार-पाच वर्षांत चार हजारांहून अधिक बांधकाम परवाने निघाले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक मूठभर माणसांच्या नावावर होते. ही माणसं कोण, तर पेन्शनवर जगणारी साधी, किरकोळ माणसं. खरे मालक पडद्यामागे. आपल्याकडे ज्याला बेनामी म्हणतात तोच हा प्रकार. विकास आराखडा तयार होत होता आणि त्यात शेकड्यांनी फेरबदल होत होते. कोणाची बाग हिरव्या पट्ट्यातून निघाली, कोणाच्या जमिनीवरचं आरक्षण उठलं, हे नकाशावर पाहिलं की कळायचं. या काळाला पालेर्मोत ‘पालेर्मोची लूट’ म्हणतात.

या लुटीतल्या एका घराबद्दल जरा थांबून सांगतो. एर्नेस्तो बाझिले या नामवंत वास्तुकारानं विसाव्या शतकाच्या आरंभी शहरातल्या उच्चभ्रू रस्त्यालगत व्हिला देलिएल्ला नावाची हवेली बांधली. नक्षीदार लोखंडी काम, वळणदार सज्जे, आत लाकडाचं कोरीवकाम. 1909 च्या सुमारास ती पूर्ण झाली. बाझिले 1932 मध्ये वारले. इटलीच्या कायद्याप्रमाणे दिवंगत कलावंताच्या पन्नास वर्षांहून जुन्या कृतीला वारसा म्हणून संरक्षण मिळू शकत होतं, आणि हवेलीची पन्नाशी भरायला थोडाच अवधी उरला होता. 28 नोव्हेंबर 1959, वार शनिवार. कचेऱ्या बंद व्हायच्या वेळी पाडकाम सुरू झालं आणि आठवडा उघडेपर्यंत वाचवण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. शनिवार-रविवार साधून तोडायचं किंवा बांधायचं, हे तंत्र आपल्या ओळखीचं आहे. गंमत नाही, दुःख याचं वाटतं की हवेली पाडून तिथे टॉवरही झाला नाही. पुढची अनेक दशकं त्या जागेवर नुसत्या गाड्या उभ्या राहत होत्या.

दुसरं उदाहरण शाळांचं. फ्रान्चेस्को वासाल्लो नावाचा एक बिल्डर होता. मूळचा गाडीवान, पण या काळात शहरातल्या सर्वांत मोठ्या बांधकाम व्यावसायिकांपैकी एक झाला. इटलीच्या संसदेच्या माफियाविरोधी चौकशी आयोगानं त्याच्या व्यवहारांची नोंद केली आहे. त्याला परवाने पालिकेकडून मिळत, आणि त्यानं बांधलेल्या निवासी इमारतींतच सरकारी संस्था शाळा भाड्यानं भरवत. म्हणजे पालिकेनं स्वतःच्या शाळा बांधायच्या नाहीत, मुलांनी फ्लॅटच्या खोल्यांत बसायचं आणि भाडं जनतेच्या तिजोरीतून जायचं. या व्यवहारात गोळी झाडावी लागत नाही. धमकीही क्वचितच द्यावी लागते. अधोगती म्हणतात ती ही. बंदुका त्यानंतर आल्या, वाटणीवरून.

आणि आल्या त्या भयंकर आल्या. 6 जानेवारी 1980 रोजी सिसिली प्रांताचे अध्यक्ष पिएर्सांती मात्तारेल्ला यांना घरासमोर, कुटुंबासह चर्चला निघालेले असताना गोळ्या घातल्या. ते लिमा-चांचिमिनो यांच्याच पक्षाचे. त्यांचा गुन्हा एवढाच की सरकारी ठेक्यांची तपासणी त्यांनी सुरू केली होती. ऑर्लांदो तेव्हा त्यांचे कायदेविषयक सल्लागार होते. पुढची दोन-तीन वर्षं टोळ्यांच्या आपसांतल्या युद्धात शेकड्यांनी माणसं मारली गेली. 1982 च्या एप्रिलमध्ये कम्युनिस्ट खासदार पिओ ला तोर्रे आणि सप्टेंबरमध्ये पालेर्मोतले केंद्र सरकारचे प्रतिनिधी (प्रीफेक्ट), जनरल कार्लो आल्बेर्तो दाल्ला किएझा पत्नीसह मारले गेले. त्या हत्येनंतर दहा दिवसांत इटलीच्या संसदेनं ला तोर्रे यांनीच मांडलेला कायदा मंजूर केला. माफियाचं सदस्य असणं हाच गुन्हा ठरला आणि गुन्ह्याच्या पैशातून आलेली मालमत्ता जप्त करण्याची सोय झाली.

ऑर्लांदो यांच्याआधीचे दोन महापौर इथे आठवले पाहिजेत, कारण त्यांची नावं फारशी घेतली जात नाहीत. एल्दा पुच्ची या बालरोगतज्ज्ञ, 1983 मध्ये महापौर झालेल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. वर्षभरात त्यांना पायउतार व्हावं लागलं आणि 1985 मध्ये त्यांचं गावाकडचं घर स्फोटानं उडवण्यात आलं. त्यांच्या पाठोपाठ ज्युझेप्पे इन्सालाको आले, तेही जेमतेम तीन-चार महिने टिकले. शहराचे रस्ते आणि गटारं यांच्या देखभालीचा ठेका, दिवाबत्तीचा ठेका असे मोठे ठेके वर्षानुवर्षं ठरलेल्या हातांत होते. इन्सालाको यांनी 1984 च्या ऑक्टोबरमध्ये चौकशी आयोगापुढे जाऊन या ठेक्यांविषयी आणि चांचिमिनो यांच्या पालिकेवरच्या पकडीविषयी साक्ष दिली. ते काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्याच पक्षयंत्रणेत वाढलेले, तिचे फायदे घेतलेले होते. पण बोलले. 12 जानेवारी 1988 ला त्यांना त्यांच्या गाडीत गोळ्या घालून मारलं. माजी महापौरानं ठेकेदारीबद्दल साक्ष दिल्याची किंमत पालेर्मोत ही होती.

अशा शहरात 1985 च्या उन्हाळ्यात अडतिशीच्या उंबरठ्यावरचे ऑर्लांदो महापौर झाले. त्यांचं पहिलं मोठं काम कायद्याच्या प्राध्यापकाला शोभेल असं होतं. फेब्रुवारी 1986 मध्ये उच्चियार्दोने तुरुंगाला लागून मुद्दाम बांधलेल्या काँक्रीटच्या न्यायालयात माफियाविरुद्धचा महाखटला उभा राहिला. पावणेपाचशेच्या आसपास आरोपी. इटलीच्या कायद्यात गुन्ह्यानं ज्याचं नुकसान झालं तो सरकारी पक्षाबरोबर स्वतःही खटल्यात उतरू शकतो. पालेर्मो महापालिका तशी उतरली. याचा अर्थ काय? मारले गेले त्यांच्या घरच्यांइतकीच फिर्यादी म्हणून शहरानं उभं राहणं. ज्या पालिकेच्या शिक्क्यानं बागा गेल्या, तीच आता न्यायालयात सांगत होती की या टोळीनं माझं नुकसान केलं आहे. डिसेंबर 1987 मध्ये निकाल लागला. तीनशेहून अधिक जणांना शिक्षा, त्यांत 19 जन्मठेपा. खटला न्यायाधीशांनी आणि सरकारी वकिलांनी जिंकला, महापौरांनी नव्हे. पण शहर कोणत्या बाजूला आहे हे लेखी नोंदवण्याचं काम महापौरांचं होतं आणि ते त्यांनी केलं.

त्या काळातला माझ्या मनात घर करून राहिलेला तपशील वेगळाच आहे. लेतिझिया बात्ताल्या या ‘लोरा’ या दैनिकाच्या छायाचित्रकार. रोजच्या रोज रस्त्यावर पडलेल्या प्रेतांचे फोटो काढणं हे त्यांचं काम. मात्तारेल्ला यांना गाडीतून बाहेर काढणाऱ्या त्यांच्या धाकट्या भावाचा, आजचे इटलीचे राष्ट्राध्यक्ष सेर्जो मात्तारेल्ला यांचा, तो प्रसिद्ध फोटो त्यांच्याच एजन्सीतून जगापुढे गेला. या बाई पालिकेत निवडून आल्या आणि ऑर्लांदो यांनी त्यांच्याकडे शहराच्या बागा आणि सार्वजनिक जागांचं खातं दिलं. त्यांनी समुद्रकाठची घाण उपसली, रोपं लावली, बसायला बाकं आणली. प्रेतांचे फोटो काढत काढत ज्या बाईनं शहराचा प्रत्येक कोपरा पाहिला होता, तिला बागेचं मोल कळत होतं. आपल्याकडे उद्यान समिती म्हणजे दुय्यम समिती. नाराज नगरसेवकाची सोय लावायची जागा.

ऑर्लांदो यांचा सिद्धांत जगभर त्यांच्याच एका दाखल्यानं ओळखला जातो. सिसिलीतल्या रंगीत दोनचाकी गाडीचा तो दाखला. एक चाक कायद्याचं, दुसरं संस्कृतीचं. दोन्ही एकाच वेगानं फिरली तर गाडी पुढे जाते. एकच फिरलं तर ती जागच्या जागी गोल फिरत राहते. नुसत्या पोलिसांनी शहर सुधारत नाही आणि नुसत्या महोत्सवांनीही नाही. माफिया ही शहराच्या चालीरीतींवर, कुटुंबाच्या इज्जतीच्या आणि मैत्रीच्या कल्पनांवर पोसलेली बांडगुळासारखी शक्ती आहे असं त्यांचं निदान, आणि म्हणून त्या कल्पना शाळेत, रंगभूमीवर, चौकात परत मिळवल्या पाहिजेत असा त्यांचा उपाय.

याला तेव्हाच एक जबरदस्त आक्षेप घेतला गेला, आणि घेणारा माफियाचा मित्र नव्हता. सिसिलीचे थोर लेखक लेओनार्दो शाशा, ज्यांनी कादंबऱ्यांतून माफियाचं पितळ इतरांच्या फार आधी उघडं पाडलं, त्यांनी जानेवारी 1987 मध्ये ‘कोरिएरे देल्ला सेरा’ दैनिकात लेख लिहिला. नाव न घेता त्यांनी एका महापौरांचं वर्णन केलं. हे महापौर परिषदांत, शाळांत, टीव्हीवर माफियाविरोधी बोलतात. शहरात मात्र पाणी नाही आणि कचरा भरपूर. आणि त्यांच्यावर टीका केली तर तुम्ही माफियाचे हस्तक ठरता. लेख बोचरा होता आणि त्यातला माफियाविरुद्ध लढणाऱ्या न्यायाधीश बोर्सेल्लिनो यांच्यावरचा रोख तर निखालस अन्यायाचा होता. पण महापौरांविषयीचा मुद्दा खोडून काढता येत नाही, हे माझं प्रामाणिक मत आहे. 1990 मध्ये ऑर्लांदो यांनी एका टीव्ही कार्यक्रमात आरोप केला की राजकीय हत्यांची कागदपत्रं न्यायालयाच्या खणांत दडपून ठेवली आहेत. रोख जोव्हान्नी फाल्कोने यांच्यावर होता, ज्यांनी महाखटल्याचा पाया घातला त्यांच्यावर. फाल्कोने यांना न्यायाधीशांच्या सर्वोच्च मंडळापुढे जाऊन स्पष्टीकरण द्यावं लागलं. सतत संशय घेण्याची सवय लागली की ती खऱ्या मित्रावरही उलटते. ऑर्लांदो यांच्या सार्वजनिक आयुष्यातला हा डाग मी झाकणार नाही.

मग 1992 उजाडलं. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं महाखटल्याच्या शिक्षा कायम केल्या. मार्चमध्ये खुद्द साल्वो लिमा यांना पालेर्मोच्या मोन्देल्लो उपनगरातल्या रस्त्यावर मारलं. माफियाला त्यांच्याकडून जे संरक्षण हवं होतं ते मिळालं नव्हतं. 23 मे रोजी विमानतळाकडून येणाऱ्या महामार्गाखाली स्फोट घडवून फाल्कोने, त्यांच्या पत्नी आणि तीन अंगरक्षक यांना, आणि 19 जुलैला आईच्या दारात बोर्सेल्लिनो आणि पाच अंगरक्षक यांना ठार केलं. त्यानंतर पालेर्मोच्या बायकांनी घरातल्या पांढऱ्या चादरींवर निषेध लिहून त्या सज्ज्यांत टांगल्या. चादर टांगणं म्हणजे आपलं घर कोणतं हे उघड करणं. ज्या शहरात साक्षीदाराला काही दिसलेलं नसायचं, तिथे हे करायला केवढं धैर्य लागलं असेल!

1993 मध्ये इटलीत महापौरांची थेट निवडणूक सुरू झाली आणि पालेर्मोनं ऑर्लांदो यांना सुमारे 75 टक्के मतं दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रांकाच्चो वस्तीतले धर्मगुरू पिनो पुलीझी यांना त्यांच्या 56 व्या वाढदिवशी मारलं होतं. पुलीझी यांची एक साधी मागणी होती: वस्तीत माध्यमिक शाळा द्या. मुलं शाळेऐवजी टोळीच्या हाताखाली जात होती, म्हणून. काही वर्षांनी ती शाळा उभी राहिली आणि तिला त्यांचं नाव दिलं गेलं. 1997 च्या मे महिन्यात तेआत्रो मास्सिमो हे युरोपातल्या भव्य ऑपेरागृहांपैकी एक पुन्हा उघडलं. किरकोळ दुरुस्तीसाठी म्हणून 1974 मध्ये ते बंद केलं होतं. तेवीस वर्षं बंद राहिलं. ते बांधणारे जोव्हान बात्तिस्ता बाझिले हे व्हिला देलिएल्लाच्या बाझिलेंचे वडील. मुलाची हवेली पालिकेनं जाऊ दिली आणि बापाचं नाट्यगृह पालिकेनं परत मिळवलं. छप्पर नसलेलं, उकिरडा झालेलं स्पासिमोचं चर्च साफ होऊन तिथे मैफली होऊ लागल्या. शाळांनी एकेक स्मारक दत्तक घेतलं आणि मुलं पाहुण्यांना त्याची माहिती सांगू लागली. डिसेंबर 2000 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संघटित गुन्हेगारीविरोधी करारावर सह्या करायला जगभरचे प्रतिनिधी पालेर्मोत जमले.

कथा इथेच संपवली असती तर गोड झाली असती. पण ऑर्लांदो 2012 मध्ये पुन्हा महापौर झाले आणि दहा वर्षं राहिले. जुन्या शहराचे मुख्य रस्ते पायी चालणाऱ्यांसाठी मोकळे झाले. स्थलांतरितांच्या हक्कांसाठी त्यांनी रोमच्या सरकारशी उघड भांडण केलं. त्याच वेळी शहराची कचराभूमी भरून वाहत होती, पालिकेचा खजिना गाळात गेला होता, आणि रोतोलीच्या दफनभूमीत जागा नव्हती. स्मशानातली दहनभट्टी बंद पडलेली. शवपेट्या तंबूंत आणि गोदामांत एकावर एक रचून ठेवल्या गेल्या, हजाराहून अधिक. नातेवाईक रविवारी फुलं घेऊन येत आणि आपल्या माणसाची पेटी कोणत्या रांगेत आहे ते शोधत फिरत. ज्या महापौरांनी प्रेतांनी भरलेले रस्ते मोकळे करण्यात हयात घालवली, त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीला मृतांना माती मिळेना. शाशांचा आक्षेप पस्तीस वर्षांनी खरा ठरला असं म्हणावं लागतं. आणि याचा राजकीय परिणामही झाला. 2022 च्या निवडणुकीत जिंकलेल्या उमेदवाराला पाठिंबा देणाऱ्यांत माफियाशी संबंधांच्या प्रकरणांत तुरुंगवास भोगलेले दोन जुने पुढारी होते. दफनभूमीत चिडलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही.

म्हणून ऑर्लांदो यांच्या दोन चाकांच्या मांडणीत मला दुरुस्ती सुचवावीशी वाटते. कचरा उचलणं, दफनाची जागा वेळेत देणं, दाखला चिरीमिरीशिवाय मिळणं हे कायद्याच्या चाकातच मोडतं, आणि त्यांनी ते तसं मानलं नाही. माफियाची ताकद नेमकी यातच होती की जे काम हक्कानं व्हायचं ते ओळखीनं करून देणारा माणूस तिच्याकडे होता. पालिका ढिली पडली की तो माणूस पुन्हा दारात उभा राहतो.

आता आपल्याकडचं. तुम्ही म्हणाल, आमच्या महापौरांना अधिकार तरी कुठे आहेत? खरं आहे. ज्या 1993 मध्ये इटलीनं महापौर थेट निवडायला सुरुवात केली, त्याच वर्षी शहरी स्थानिक संस्थांविषयीची आपली 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली. पण महाराष्ट्रात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडेच राहिले, महापौर अडीच वर्षांचा, आणि ठेक्यांची चावी स्थायी समितीकडे. मार्च 2022 मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासक बसले. इतर शहरांतही तेच झालं. नगरसेवक नसले की भ्रष्टाचार थांबेल असं मानणाऱ्यांनी त्या वर्षांतले आपापल्या शहराचे रस्ते आठवावेत. निवडलेला माणूस गेला की जाब विचारायची जागाच जाते.

पण आपल्या महापौरांनाही एक गोष्ट करता येते आणि त्यासाठी आयुक्तांची सही लागत नाही. इन्सालाको यांनी आयोगापुढे जे केलं ते सभागृहात करायचं. आपल्या शहरात गेल्या दहा वर्षांत कोणत्या भूखंडांवरचं शाळेचं आणि मैदानाचं आरक्षण उठलं, ती जमीन त्या वेळी कोणाच्या नावावर होती, कचऱ्याचा आणि दिवाबत्तीचा ठेका किती वेळा त्याच कंपनीला मुदतवाढ देऊन दिला, निविदेला किती जण आले, हे नावानिशी वाचून दाखवायचं आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यायचं. इन्सालाको एकटे बोलले आणि तीन वर्षांनी मारले गेले. 1986 मध्ये अख्खी पालिका फिर्यादी झाली, तेव्हा बोलणाऱ्यांची संख्या वाढली. आपल्या महापालिकेची इतिवृत्तं माहितीच्या अधिकारात अर्ज करून मिळतात. या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी यंदा तेवढं काम हाती घ्यावं, आरक्षणांची ती यादी तयार करावी आणि पुढच्या वर्षी याच मंचावरून नव्या महापौरांना ती वाचायला द्यावी, अशी माझी विनंती आहे. यादीच्या कामात मी तुमच्याबरोबर बसायला तयार आहे.